गाडी किती देते? वहीला विचारा
(सामुदायिक रेडिओवर झालेल्या बोलण्याचा हा लेखी मजकूर. रेडिओ ऐकता न आलेल्या गटांसाठी.)



आपल्या मुळशीत आता वाडीवस्तीवरही लहान गाडी दिसते. कुणाच्या दारात जुनी ऑल्टो, कुणाकडे वॅगन आर, तर कुठे गटातल्या चौघींच्या घरांनी मिळून घेतलेली ईको. इंद्रायणी तांदळाच्या पिशव्या कोथरूडला पोचवायच्या, हिंजवडीला जेवणाचे डबे न्यायचे, पौडला बँकेत जायचं, सुनेला तपासणीला न्यायचं. गाडीमुळे ही कामं सोपी झाली. एसटीची वाट बघत फाट्यावर उभं राहणं कमी झालं.

पण एक प्रश्न विचारून बघा. "गाडी किती ॲव्हरेज देते?" लगेच उत्तर येतं, "वीस-बावीस देते की!" हा आकडा कुठून आला, कुणी मोजला, कधी मोजला, हे कुणी विचारत नाही. विकणाऱ्यानं सांगितलं, शेजाऱ्यानं सांगितलं, आणि तो आकडा घरात राहायलाच आला. त्याच आकड्यावर आपण भाव ठरवतो, वर्गणी ठरवतो, कोथरूडची खेप परवडते की नाही तेही ठरवतो. आकडाच चुकीचा असेल तर पुढचा सगळा हिशेब चुकतो, आणि ती तूट गटाच्या किंवा घरातल्या बाईच्या बचतीतून गुपचूप भरली जाते.

म्हणून आज आपण गाडीचं खरं ॲव्हरेज कसं काढायचं ते बघणार आहोत. त्याला इंजिनातलं काही कळावं लागत नाही. बेरीज, वजाबाकी आणि भागाकार आला की झालं. गटाची वही लिहिणाऱ्या बाईला यातलं काहीच अवघड नाही.

हे काम आपल्याला येतंच

घरात गॅस सिलिंडर लावला की आपण काय करतो? भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेवर खूण करतो. संपला की दिवस मोजतो. गेल्या वेळी चाळीस दिवस गेला, या वेळी बत्तीसच दिवस गेला. मग आठवतं, मध्ये गणपती होते, पाहुणे होते. आणि पाहुणे नसतानाही बत्तीसच दिवस गेला, तर आपण नळी बघतो, शेगडी बघतो, वजन करून घेतो. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो असतो हे आपल्याला पाठ आहे.

गाडीचं ॲव्हरेज म्हणजे हेच. किती इंधन घातलं आणि त्यात किती काम झालं. फरक एवढाच की सिलिंडर पूर्ण रिकामा होतो, गाडीची टाकी आपण रिकामी होऊ देत नाही. त्यामुळे मोजायची रीत थोडी वेगळी आहे.

कंपनीचा आकडा येतो कुठून?

पौड रोडनं कोथरूडात शिरलं की डाव्या हाताला एक मोठी टेकडी दिसते, वेताळ टेकडी. तिच्यावर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. लोक तिला एआरएआय म्हणतात, टेकडीलाही एआरएआयची टेकडी म्हणतात. ही संस्था १९६६ साली सुरू झाली. देशात गाड्यांची तपासणी करून प्रमाणपत्र देणाऱ्या ज्या संस्था आहेत, त्यांतली ही एक मोठी संस्था. जाहिरातीत 'एआरएआय प्रमाणित मायलेज' असं लिहिलेलं असतं ते हिच्याच नावानं. म्हणजे अख्ख्या देशात ज्या आकड्याचा बोलबाला असतो, तो आपल्या रोजच्या वाटेवरच्या टेकडीशी जोडलेला आहे.

ही चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी एका खोलीत रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागच्या जागी राहते. किती सेकंद थांबायचं, किती वेगानं जायचं, कधी ब्रेक लावायचा, हे आधीच ठरलेलं असतं. सगळी चाचणी वीस मिनिटांच्या आत संपते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही. एसी बंद असतो. मागून निघणारा धूर गोळा करून त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळलं ते काढतात.

यात फसवणूक नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा दिली तर कुठली गाडी दुसरीपेक्षा कमी पिते हे कळतं. गाडी विकत घेताना दोन गाड्यांची तुलना करायला तो आकडा उपयोगी आहे. ऑल्टो के-१० चा गिअरवाल्या पेट्रोल गाडीचा असा आकडा २४.३९ आहे. पण त्या रोलरवर पिरंगुटचा घाट नाही, भूगावातली कोंडी नाही, मागच्या सीटवर तांदळाच्या पिशव्या नाहीत आणि श्रावणातला पाऊसही नाही. म्हणून तो आकडा गाडी निवडताना वापरायचा, खर्चाच्या हिशेबात वापरायचा नाही. हिशेबाला आपल्या रस्त्यावरचा, आपल्या गाडीचा आकडा हवा.

फुल टाकी ते फुल टाकी

आता रीत सांगतो. कागद-पेन घ्या.

पहिली पायरी. पंपावर जाऊन टाकी फुल करायची. नोझल आपोआप कट झालं की थांबायचं. "अजून थोडं बसवा" असं म्हणायचं नाही, आणि गोल रक्कम करायला वरून पेट्रोल ओतून घ्यायचं नाही. समोरच्या काट्यावर गाडीचे एकूण किलोमीटर बघून वहीत लिहायचे. या पहिल्या वेळी किती लिटर बसलं याला महत्त्व नाही. ही फक्त सुरुवातीची खूण आहे.

दुसरी पायरी. गाडी नेहमीसारखी वापरायची. मोजणी चालू आहे म्हणून जपून चालवायची नाही. रोज आपण जसं चालवतो तेच मोजायचं आहे.

तिसरी पायरी. टाकी निम्म्याच्या खाली आली की पुन्हा पंपावर जायचं. जमलं तर तोच पंप, तीच बाजू, कारण गाडी उभी राहते ती जागा उताराची असेल तर टाकी कमी-जास्त भरते. पुन्हा कट होईपर्यंत फुल करायची. आता जितके लिटर बसले, तितकंच पेट्रोल मधल्या काळात जळलं. लिटर आणि किलोमीटर, दोन्ही लिहायचे.

चौथी पायरी. आत्ताच्या किलोमीटरमधून मागचे किलोमीटर वजा करायचे. जे उरतील त्यांना लिटरने भागायचं. आलं ॲव्हरेज.

एक उदाहरण घेऊ. समजा ५ जूनला टाकी फुल केली, काटा होता १२,४०० वर. १५ जूनला पुन्हा फुल केली, काटा १२,७१० आणि पेट्रोल बसलं २० लिटर. गाडी धावली ३१० किलोमीटर. ३१० भागिले २०, म्हणजे १५.५.

आता तुम्ही म्हणाल, "ताई, आमच्याकडे दरवेळी फुल टाकी करायला पैसे कुठे असतात? पाचशेचं टाकतो, हजाराचं टाकतो." त्यालाही वाट आहे. मध्ये जे थोडं-थोडं टाकाल, ते सगळे लिटर लिहून ठेवायचे, पण भागाकार करायचा नाही. पुढच्या फुल टाकीला सगळे लिटर एकत्र मिळवायचे. समजा २४ जूनला ८ लिटर टाकलं. मग ३० जूनला टाकी फुल केली तेव्हा १२ लिटर बसलं आणि काटा होता १३,०१० वर. १५ जूनपासून गाडी धावली ३०० किलोमीटर. पेट्रोल ८ अधिक १२, म्हणजे २० लिटर. ॲव्हरेज आलं १५. महिन्यातून एकदा जरी टाकी फुल केली तरी हिशेब जुळतो.

पुढं समजा १२ जुलैला टाकी फुल केली, काटा १३,३७०, पेट्रोल २० लिटर. या वेळी धावली ३६० किलोमीटर, ॲव्हरेज १८. एकदम कसं वाढलं? शेऱ्याच्या रकान्यात बघा. मध्ये गाडी जेजुरीला जाऊन आली होती. मोकळा रस्ता, एकसारखा वेग.

म्हणून वहीत सहा रकाने आखा: तारीख, काट्यावरचे किलोमीटर, लिटर, रुपये, टाकी फुल केली का, आणि शेरा. शेरा सोडू नका. 'कोथरूडच्या खेपा', 'जेजुरी', 'जोराचा पाऊस', 'एसी चालू', 'टायर बदलले'. दोन शब्द पुरतात. पुढं आकडा का हलला ते हाच रकाना सांगतो.

सरासरीची सरासरी काढू नका

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण शिकलेली माणसंही इथं घसरतात.

समजा एका वेळी गाडी १०० किलोमीटर धावली आणि १० लिटर प्यायली. ॲव्हरेज १०. दुसऱ्या वेळी ४०० किलोमीटर धावली आणि २० लिटर प्यायली. ॲव्हरेज २०. मग दोन्ही मिळून किती? पटकन तोंडात येतं १५. पण एकूण किलोमीटर ५०० आणि एकूण पेट्रोल ३० लिटर. ५०० भागिले ३०, म्हणजे साडेसोळाच्याही थोडं वर.

म्हणून नियम असा: सगळे किलोमीटर मिळवा, सगळे लिटर मिळवा, आणि मग एकदाच भागा. आपल्या जून-जुलैच्या उदाहरणात एकूण ९७० किलोमीटर आणि ६० लिटर, म्हणजे १६ आणि वर थोडं. आपण १६ धरू.

आणि एका टाकीवरून निकाल देऊ नका. एका टाकीत नोझल थोडं आधी कट झालं तरी आकडा इकडेतिकडे होतो. चार-पाच टाक्यांचा एकत्र हिशेब झाला की आकडा स्थिर होतो. गाडीत पडद्यावर ॲव्हरेज दाखवत असेल तर तेही वहीच्या आकड्याशी ताडून बघा. पडदा अंदाज करतो, वहीत मोजलेलं असतं.

आता रुपयांत बघू

हिशेबाला सोपं म्हणून पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. तुमच्या पंपावरचा त्या दिवसाचा दर तुम्ही घाला.

गाडी २४ देते असं धरलं तर किलोमीटरला ४ रुपये ३८ पैसे पडतात. गाडी खरोखर १६ देत असेल तर ६ रुपये ५६ पैसे. कोथरूडची जाऊन-येऊन खेप ७० किलोमीटरची धरा. पहिल्या हिशेबानं ३०६ रुपये, दुसऱ्या हिशेबानं ४५९. एका खेपेमागं दीडशे रुपयांचा फरक. आठवड्याला तीन खेपा, महिन्याला बारा. म्हणजे महिन्याला अठराशे रुपयांहून जास्त. दहा जणींच्या गटात एकेकीच्या वाट्याला १८० रुपये. काही गटांची महिन्याची बचतही एवढी नसते.

हे पैसे चोरीला जात नाहीत. ते पेट्रोलमध्येच जातात. पण आपण तांदळाचा भाव ठरवताना ते धरलेलेच नसतात. मग वर्षाच्या शेवटी सगळ्या जणी म्हणतात, "एवढं राबलो, पैसा दिसत का नाही?" आणि मग एकमेकींकडे संशयानं बघणं सुरू होतं.

पेट्रोलशिवायचा खर्चही जोडा. विमा, सर्व्हिस, टायर, बॅटरी. समजा वर्षाला त्याचे ३०,००० रुपये होतात आणि गाडी वर्षाला १०,००० किलोमीटर धावते. म्हणजे किलोमीटरला आणखी ३ रुपये. साडेसहा आणि तीन, साडेनऊ रुपये झाले. आता ७० किलोमीटरच्या खेपेला ६६५ रुपये लागतात. त्या खेपेत ४० किलो तांदूळ नेला तर किलोमागं साडेसोळा रुपये नुसती वाहतूक झाली. दीडशे किलो नेला तर साडेचार रुपयांच्या आत. आता ठरवता येतं: रोज थोडं-थोडं न्यायचं की आठवड्याची मागणी गोळा करून एकदाच न्यायचं.

इथं एक सावधगिरीची गोष्ट. पांढऱ्या नंबरप्लेटची खाजगी गाडी भाड्यानं माणसं किंवा माल वाहायला वापरता येत नाही. त्यासाठी परवाना आणि पिवळी नंबरप्लेट लागते. नाहीतर दंड होतोच, शिवाय अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात. गटाला वाहतुकीचा धंदाच करायचा असेल तर आधी आरटीओत नीट चौकशी करा.

आपल्या रस्त्यावर पेट्रोल कुठं जातं?

आधी चढण. गाडी वर चढवणं म्हणजे पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन टेकडी चढण्यासारखं. माणसांसकट एक टन वजनाची गाडी ५०० मीटर उंच न्यायची तर सपाट रस्त्यापेक्षा साधारण अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागतं. माणगावहून ताम्हिणी चढून वर येताना काटा भराभर खाली का येतो, ते यावरून कळेल. उतरताना त्यातलं थोडं परत मिळतं.

उतारावरून आठवलं. पुष्कळ जण घाट उतरताना गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांच्या काळातली ही समजूत. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांमध्ये गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनाला जाणारं पेट्रोल आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला थोडं पेट्रोल जातच राहतं. शिवाय गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि लागेनासे होतात. ताम्हिणीच्या धुक्यात आणि ओल्या वळणांवर हे जिवावर बेततं. उतरताना गिअर टाकलेलाच ठेवायचा. घरात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे सांगा.

दुसरं, कोंडी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांदणी चौकातला नवा पूल सुरू झाला. पण भूगाव, पिरंगुट, हिंजवडीला सकाळ-संध्याकाळ गाड्यांची रांग असतेच. गाडी जागेवर उभी आणि इंजिन चालू, तर लहान गाडीसुद्धा तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त पिते. एसी चालू असेल तर आणखी. ते पेट्रोल गेलं, पण किलोमीटर एकही वाढला नाही. एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. डबे पोचवायला अर्धा तास आधी निघून कोंडी टळत असेल, तर पेट्रोल वाचवायचा त्याहून स्वस्त उपाय नाही.

तिसरं, जवळच्या फेऱ्या. सकाळी गार इंजिन सुरू केलं की पहिले काही किलोमीटर ते जास्त पितं. कुकर गरम होईपर्यंत गॅस जास्त जातो, तसंच. रेशन दुकान, दळण, शाळा अशा दोन-दोन किलोमीटरच्या चार फेऱ्या केल्या तर इंजिन दरवेळी गार होऊन पुन्हा गरम होतं. चार कामं एका फेरीत बसवा.

चौथं, वजन आणि हवा. लहान गाडी स्वतः साधारण पाऊण टनाची. तिच्यात दीडशे किलो तांदूळ ठेवला म्हणजे वजन पाचव्या हिश्शानं वाढलं. माल न्यायचाच आहे, ते ठीक. पण डिकीत महिनोन्‌महिने पडलेली जुनी पोती, टिकाव, रिकामे डबे काढून टाका. टायरमधली हवा कमी असेल तर गाडी जड चालते. सायकल चालवणाऱ्या मुलींना हे सांगायला नको. किती हवा हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायर गार असताना, दर पंधरा दिवसांनी बघून घ्या. माल भरून जाणार असाल तर त्यासाठीचा वेगळा आकडाही तिथं असतो.

पाचवं, वेग. पेट्रोलियम संवर्धनाचं काम करणारी पीसीआरए ही सरकारी संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग सांगते. आपल्या वळणाच्या रस्त्यावर तो सुरक्षितही आहे. जोरात पळवायची आणि जोरात ब्रेक मारायचा, यात पेट्रोल आणि ब्रेक दोन्ही झिजतात.

इथेनॉलमुळे किती फरक?

हा प्रश्न हल्ली सगळीकडे ऐकू येतो. २०२५ पासून देशात बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आपल्या राज्यात ते प्रामुख्यानं उसापासून बनतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी येणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात असं म्हटलं आहे की, २० टक्के इथेनॉलसाठी न बनवलेल्या चारचाकी गाड्यांत ६ ते ७ टक्के, आणि त्यासाठी जुळवून घेतलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट अपेक्षित आहे.

म्हणजे पूर्वी १६ देणारी जुनी गाडी १५ देऊ शकते. पण १६ वरून ११ वर आली असेल तर सगळा दोष इथेनॉलवर टाकून चालणार नाही. मेकॅनिककडे जायला हवं. घट केवढी आहे हे वही असेल तरच कळतं, नाहीतर नुसता वाद.

सीएनजीची गाडी असेल तर

सीएनजी लिटरवर नाही, किलोवर मिळतो. म्हणून ॲव्हरेज किलोमागं काढायचं. त्याची पेट्रोलच्या आकड्याशी थेट तुलना करू नका. तुलना रुपयांत करा: किलोमीटरला किती रुपये पडले. शिवाय सीएनजीची टाकी दाबानं भरते. पंपावर दाब कमी असेल किंवा उन्हाचा तडाखा असेल तर ती कमी भरते. म्हणून एका भरण्यावर विसंबू नका, सात-आठ भरण्यांचा एकत्र हिशेब करा. आणि सीएनजीच्या गाडीलाही अधूनमधून पेट्रोल लागतं. ते रुपयेही त्याच वहीत लिहा.

वही म्हणजे गाडीचं वजनकार्ड

अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचं वजन करतात. एखाद्या महिन्यात थोडं कमी भरलं तर सेविका घाबरत नाही, सर्दी-खोकला झाला होता का विचारते. पण लागोपाठ दोन-तीन महिने रेषा खाली आली तर ती लगेच दवाखान्यात पाठवते. गाडीचंही तसंच. एका टाकीला आकडा घसरला तर शेरा बघा. शेऱ्यात कारण नाही आणि लागोपाठ तीन टाक्या आकडा खालीच, तर गाडी दाखवा.

मेकॅनिकला नुसतं "गाडी जास्त पिते" म्हणू नका. "मार्चपर्यंत १६ देत होती, एप्रिलपासून १३ वर आली, रस्ता तोच, माल तेवढाच" असं सांगा. मग तो हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लग, चिकटलेला ब्रेक, घसरणारा क्लच आणि पेट्रोलची गळती बघेल. गळती असेल तर ती आगीची भीती आहे. पेट्रोलचा वास आला तर वही बाजूला ठेवा आणि आधी गाडी दाखवा.

पंपावरचे आपले हक्क

काटा शून्यावर आहे का ते बघूनच भरायला सांगा. पावती मागा, तिच्यावर लिटर असतात. माप कमी वाटलं तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, त्यात मोजून दाखवा असं म्हणण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरलं तर वैधमापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. हवा भरणं पंपावर मोफत असतं. बाई म्हणून मागं राहू नका. गाडीत बसून नोटा पुढं करण्यापेक्षा खाली उतरून काटा बघा.

वही कुणाला पकडायला नाही

आता नाजूक गोष्ट. घरात गाडी बहुतेक वेळा मुलगा, दीर किंवा मालक चालवतात. काही गटांनी ड्रायव्हर ठेवलेला असतो. बाईनं वही काढली की त्यांना वाटतं, आपल्यावर संशय घेतात. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगा की ही वही गाडीची आहे. आकडा कमी आला म्हणजे कुणी पेट्रोल काढलं असं होत नाही. घाट, कोंडी, पाऊस, हवा, फिल्टर अशी दहा कारणं आपण आत्ताच पाहिली. उलट प्रामाणिक ड्रायव्हरला ही वही वाचवते. सहा महिने आकडा १५-१६ मध्येच असेल, तर त्याच्याबद्दल कुजबूज करायला जागा राहत नाही. वही गाडीतच ठेवा, लिहायला चालवणाऱ्यालाच सांगा, आणि महिन्याच्या बैठकीत सचिवताईंनी बेरीज वाचून दाखवावी. ज्या वहीत सगळे बघू शकतात, तिच्यावरून भांडण होत नाही.

आणि साध्या माणसांच्या वहीत ताकद किती असते तेही ऐका. जर्मनीत हजारो गाडीवाल्यांनी आपापली किलोमीटर आणि लिटरची नोंद वर्षानुवर्षं ठेवली. ते मोठे तज्ज्ञ नव्हते. अभ्यासकांनी अशा नोंदी एकत्र केल्या, तेव्हा दिसलं की कंपनीच्या आकड्यापेक्षा रस्त्यावर जास्त इंधन जळतं, आणि हा फरक २००१ च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होता तो २०१५ पर्यंत चाळीस टक्क्यांच्या आसपास गेला. युरोपात ही जुनी चाचणी बदलण्याची मागणी होतच होती. २०१७ पासून तिथं नवी, जास्त कडक चाचणी लागू झाली. आपल्या देशातली चाचणी त्या जुन्या युरोपीय चाचणीवरूनच बेतलेली आहे.

या महिन्यात एवढं करा

एक दोनशे पानी वही घ्या, तिला पेन दोऱ्यानं बांधा आणि गाडीच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या वेळी टाकी फुल करून पहिला आकडा लिहा. चार टाक्या होऊ द्या. मग गटाच्या बैठकीत तीन आकडे वाचा: एकूण किलोमीटर, एकूण लिटर, आणि किलोमीटरला पडलेले रुपये. त्यानंतर वर्गणी, मालाचा भाव आणि खेपांचे दिवस पुन्हा ठरवा. गाडी नसलेल्या मैत्रिणींनी हीच रीत स्कूटीला किंवा भातमळणीच्या डिझेल इंजिनाला लावावी. इंजिनाला किलोमीटर नसतात, तिथं तास लिहायचे.

पुढच्या भागात आपण गाडीच्या विम्याबद्दल बोलू. तोपर्यंत वही भरत राहा, आणि तुमच्या गाडीचा खरा आकडा आम्हाला कळवा. कमी असला तरी लाजू नका. खरा आहे ना, मग तोच कामाचा.

नमस्कार!